फजितीचं बिल कोणी भरलं?

या वेळी एका पेपरची उलटतपासणी करू या. साक्षीदार म्हणून पेण तालुक्यातल्या वरसईच्या एका भटजींना बोलावलंय. त्यांना जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, पण साक्ष चोख देतात.

पेपर विनोदावरचा आहे. म्हणजे विनोदी नाही. विनोद का होतो याबद्दलचा, आणि अशा पेपरांइतकं रुक्ष वाचन दुसरं नसेल. 2012 साली 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये आला. पीटर मॅकग्रॉ, केलब वॉरन आणि त्यांचे दोन सहकारी असे चार लेखक. प्रश्न साधा: फजिती हसण्याजोगी कधी होते? बॅग हरवली, गाडी चुकली, भलत्याच गावी उतरलो. त्या क्षणी रडू येतं आणि नंतर तोच किस्सा आपण चवीने सांगतो. मधल्या मध्ये नक्की काय बदलतं?

मी रसायनशास्त्राची. मानसशास्त्र माझा प्रांत नाही. पण दुसऱ्याच्या विषयातला पेपर अधूनमधून वाचावा असं मी तुम्हाला नेहमी सांगते, कारण आपल्या विषयातल्या गृहीतकांना आपण इतके सरावलेले असतो की ती दिसतच नाहीत. परक्याच्या घरातलं जळमट लगेच दिसतं. शिवाय हा पेपर तुमच्या कामाचा आहे. तुमच्यातले काही जण पेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिसमध्ये अडकलाय आणि निदान चार-पाच जण तरी बाहेर जायच्या खटपटीत आहात. बाहेरच्या आयुष्याबद्दलचं निम्मं ज्ञान आपल्याला आधी गेलेल्यांच्या गमतीजमतींतून मिळतं. त्या गमतीजमती म्हणजे आपला डेटा. तो कसा गोळा झाला हे विचारायला नको?

आधी पेपरची बाजू नीट मांडते. परीक्षण करताना समोरच्याचं म्हणणं त्याने मांडलं असतं त्याहून थोडं बरंच मांडावं, नाहीतर आपण बाहुल्याशी कुस्ती खेळतो.

मॅकग्रॉ आणि वॉरन यांचा मूळ सिद्धांत 2010 चा. हसू येण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: काहीतरी बिनसलेलं असावं, आणि ते बिनसलेलं निरुपद्रवी वाटावं. नुसतं बिनसलं तर भीती किंवा राग येतो. नुसतं निरुपद्रवी असेल तर जांभई येते. दोन्ही एकत्र आले की हसू. गुदगुल्या हे त्यांचं आवडतं उदाहरण: हल्ला आहे, पण खोटा आहे.

2012 च्या पेपरमध्ये त्यांनी यात 'अंतर' आणलं. मोठी दुर्घटना दूर गेल्यावर हसण्याजोगी होते, छोटी फजिती जवळ असतानाच हसू आणते. त्यांनी लोकांना विचारलं, गाडीची धडक बसली हे पाच वर्षांपूर्वीचं असेल तर जास्त विनोदी की कालचं असेल तर? लोक म्हणाले, पाच वर्षांपूर्वीचं. मग विचारलं, पायाचं बोट ठेचकाळलं? तिथे उलटं, कालचं असेल तरच गंमत. पाच वर्षांपूर्वी ठेच लागली होती हे कोण कशाला ऐकेल! आणखी एक प्रयोग फारच छान आहे. एका तरुणीच्या हातून मोबाइलवरून मदतनिधीला चुकून भलतेच पैसे गेले, अशी गोष्ट. काहींना सांगितलं पन्नास डॉलर गेले, काहींना जवळजवळ दोन हजार. ती तरुणी अनोळखी असेल तर दोन हजारांची गोष्ट विनोदी वाटते, आणि मैत्रीण असेल तर पन्नासची. 2014 मध्ये याच गटाने सँडी वादळाबद्दलचे विनोद तपासले. वादळ येऊन गेल्यावर लगेच ते विनोद रुचत नव्हते, महिनाभराने सगळ्यात जास्त रुचले आणि पुढे पुन्हा शिळे झाले.

पटतं ना? मलाही पटलं. मांडणी नेटकी आहे, आलेख देखणा आहे. आता माझ्या एका मित्राचा किस्सा ऐका.

मित्र रोह्याचा. जर्मनीत पीएच.डी. करतो. बर्लिनहून एका परिषदेवरून परतत होता, दुपारी त्याची राहण्याच्या परवान्यासाठी सरकारी कार्यालयात वेळ ठरलेली होती. जर्मनीत काही लांब पल्ल्याच्या गाड्या वाटेत दोन तुकड्यांत वेगळ्या होतात. हाम नावाचं स्टेशन आहे, तिथे एक तुकडा एका फाट्याने जातो, दुसरा दुसऱ्या. त्या दिवशी डब्यांचा क्रम उलटा लागला होता, घोषणा झाली ती फक्त जर्मनमध्ये आणि तीही पुटपुटल्यासारखी. साहेब भलत्या तुकड्यातून थेट वुपरटालला पोचले. वुपरटालला काय आहे? नदीवरून उलटी लोंबकळत जाणारी रेल्वे! 1901 पासून चालू आहे ती. त्याने तिचा फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "मंडळी, मी इथे लटकलोय."

ग्रुपवर जो काही धुमाकूळ झाला! कोणी म्हणालं, अरे तू रोह्याचा ना, तुमच्याकडे मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे सुरू होते तरी गाडी तुटत नाही, तिकडे एवढी प्रगत माणसं नि मधोमध गाडी तोडतात. कोणी म्हणालं, दिवा-रोहा पकडली असतीस तर वेळेत पोचला असतास. मग दोन-अडीच महिन्यांनी त्याने दुसरा भाग टाकला. परवाना येईपर्यंत तिथे एक तात्पुरता कागद देतात, त्या कागदाच्या जर्मन नावातच 'फिक्शन' हा शब्द आहे. कायद्याने गृहीत धरलेला परवाना अशा अर्थाने. मित्राने लिहिलं, "आता मी अधिकृतरीत्या काल्पनिक आहे." पुन्हा धुमाकूळ. त्याच्या आईलाही कोणीतरी हे मेसेज वाचून दाखवले. त्या रोह्याच्या बाजारात भेटतील त्याला सांगत होत्या, आमच्या याची तिकडे नुसती धमाल चाललीय.

त्या दोन भागांच्या मधला भाग ग्रुपवर आला नाही. तो त्याने मला फोनवर सांगितला, तोही मी खोदून विचारल्यावर. त्या दिवशीची वेळ हुकली ती पुन्हा मिळायला सात आठवडे लागले. तेवढ्यात व्हिसाची मुदत संपत आली. त्याचा करार वाढवायला वैध कागद हवा होता, तो नव्हता, त्यामुळे दोन महिने पगार थांबला. देशाबाहेर पाऊल टाकायची हिंमत होईना, म्हणून गणपतीला घरी यायचं तिकीट रद्द केलं. त्याचे पैसे परत मिळाले नाहीत. दोन महिन्यांचं घरभाडं रोह्याहून वडिलांनी पाठवलं. परदेशी कमावायला गेलेल्या मुलाला निवृत्त वडील पैसे पाठवतायत. हे त्याने घरात दुसऱ्या कोणाला कळू दिलं नव्हतं. मी म्हटलं, "अरे, मग हे सांगायचं होतंस." तो म्हणाला, "अगं, त्यात हसण्यासारखं काय आहे?"

आता पेपरच्या हिशेबाने बघा. घटना एक, माणूस एक, ऐकणारे तेच. लटकती रेल्वे त्याच दिवशी विनोदी झाली. काल्पनिक परवाना हातात पडल्याबरोबर विनोदी झाला. भाड्याचे पैसे मात्र आज दीड वर्ष होऊन गेलं तरी विनोदी झालेले नाहीत. ते त्याने अजून वडिलांना परत केलेले नाहीत.

इथे माझ्या डोक्यात घंटा वाजली. वेळ हे खरं व्हेरिएबल नसावंच. वेळेच्या आडून दुसरंच कोणीतरी काम करत असावं: नुकसान भरून निघालं की नाही. मी त्याला फजितीचं बिल म्हणते. बिल चुकतं झालं की किस्सा मोकळा होतो. थकलेलं असेल तर कितीही वर्षं जाऊ देत.

पेपरमधले प्रयोग या नजरेने पुन्हा वाचा. गाडीची धडक, पाच वर्षांपूर्वीची. वाचणारा मनात काय धरून चालतो? की हाड जुळलं असेल, माणूस चालता-फिरता असेल, विम्याचे पैसे आले असतील. 'पाच वर्षं' या दोन शब्दांबरोबर 'बरा झाला' हे शब्द फुकट येतात. कालच्या धडकेत ते येत नाहीत. म्हणजे प्रयोगात एक गोष्ट बदलायची म्हणून दोन बदलल्या गेल्या. याला आपण कन्फाउंडिंग म्हणतो आणि व्हायवात याच्यावर प्रश्न येतोच. चुकून गेलेल्या पैशांचा प्रयोग तर उघडच बिलाचा आहे! पन्नास डॉलर कोणीही भरून काढतं. दोन हजार अनोळखी बाईचे गेले तर ते आपल्याला भरायचे नाहीत. मैत्रिणीचे गेले तर उद्या ती उसने मागायला येऊ शकते. लेखक याला सामाजिक अंतर म्हणतात. मी म्हणेन, बिल आपल्या दारात येण्याची शक्यता.

हे म्हणणं तपासायचं तर असा पुरावा हवा जिथे वेळ भरपूर गेलाय पण बिल थकलेलंच आहे. दोन्ही सुटी करता आली पाहिजेत. असा माणूस आपल्याच तालुक्यात होऊन गेला.

विष्णुभट गोडसे, वरसईकर. 'माझा प्रवास' तुम्ही वाचलं नसेल तर निदान नाव ऐकलं असेल. घरची गरिबी, डोक्यावर कर्ज. कानावर आलं की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल. आजच्या भाषेत सांगायचं तर उत्तरेत मोठी ग्रँट मंजूर झाल्याची बातमी आली आणि हे अर्ज करायला निघाले. बरोबर काका, रामभट. साल 1857. तुम्ही म्हणाल, हे कसलं परदेशगमन? पण पुस्तक वाचताना लक्षात येतं की वरसईच्या भिक्षुकाच्या लेखी 'हिंदुस्थान' हा तिकडचा, वेगळा मुलूख होता. भाषा निराळी, जेवण निराळं, ओळखीचं कोणी नाही, घरी पत्र पोचेल याची खात्री नाही. महूपर्यंत जातायत तोवर शिपायांच्या उठावाची बातमी पुढ्यात. यज्ञाची दक्षिणा राहिली बाजूला. पुढे ग्वाल्हेर, झाशी, झाशीचा वेढा, शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट, काल्पी, वाटेत पुन्हा पुन्हा नागवलं जाणं, आणि शेवटी काशीहून आई-वडिलांसाठी खांद्यावर गंगेची कावड घेऊन पायी घरी. सुमारे अडीच वर्षं गेली. कर्ज फेडायला निघालेला माणूस पाणी घेऊन परतला.

यातलं कथानक बाजूला ठेवून फक्त घटना लिहून काढल्या तर विनोदी प्रवासवर्णनाचा सगळा माल तयार आहे. चुकीच्या वेळी चुकीच्या गावी पोचणं, ज्या कामासाठी गेलो तेच न होणं, मिळालेलं जाणं, परत मिळवणं, परत जाणं. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी हे लिहून काढलं ते 1883 च्या सुमाराला, म्हणजे घटनांनंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी. मॅकग्रॉ यांच्या आलेखावर पंचवीस वर्षं म्हणजे भरपूर झाली. एवढ्यात मोठी दुर्घटना विनोदी होऊन वर शिळीसुद्धा व्हायला हवी.

पण गोडसे हसत नाहीत. निदान लुटीबद्दल तरी नाहीत. इतर ठिकाणी त्यांना गमतीचं वावडं नाही. माणसं, शहरं, जेवणावळी, ऐकीव गोष्टी यांत ते रमतात, रंगतात. पण पैशाची गोष्ट आली की आवाज बदलतो. किती दक्षिणा मिळाली, कुठे मिळाली, किती गेली. झाशीची लूटसुद्धा ते हिशेबाच्या वहीसारखी सांगतात: आधी काय गेलं, मग काय गेलं. मला हा त्या पुस्तकाचा सगळ्यात अस्वस्थ करणारा गुण वाटतो. समीक्षक साधारणपणे याला साधेपणा म्हणतात, भाबडेपणा म्हणतात. मला तो भाबडेपणा वाटत नाही. ज्याचं खातं अजून उघडं आहे तो आकडे विसरत नाही आणि त्यांवर विनोदही करत नाही. उधारीच्या वहीत कोणी कोट्या करतं का?

आपण मात्र वाचताना हसतो. मीही हसले, दोन-तीन ठिकाणी तर मोठ्याने. इतिहासाची एवढी मोठी उलथापालथ चाललीय आणि भटजींना आपल्या कनवटीची चिंता. पण हे हसू माझं, 2020 च्या दशकातल्या फेलोशिपवाल्या बाईचं. त्यांच्या लेखनाचं नव्हे. पेपर ऐकणाऱ्याचं हसू मोजतो आणि सोसणाऱ्याबद्दल निष्कर्ष काढतो, ही माझी दुसरी हरकत आहे. यातला सुरुवातीचा एक भाग लोकांनी स्वतःच्या आठवणी सांगण्याचा आहे हे मान्य, पण बाकीची उदाहरणं दुसऱ्याच्या फजितीची आहेत.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवते, कारण तुम्ही असा पुरावा वापराल तेव्हा गाइड हेच विचारतील: कुठली प्रत? वैद्यांनी 1907 मध्ये छापली त्या आवृत्तीत त्यांनी भाषा सुधारली, काही मजकूर गाळला. राज्य इंग्रजांचं, विषय 1857 चा, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती आली 1966 मध्ये. लेखकाच्या आवाजाबद्दल, सुराबद्दल काही म्हणायचं असेल तर पोतदारांचीच घ्यावी लागते. नाहीतर तुम्ही गोडशांच्या नावावर वैद्यांचं मौन खपवाल. पेणच्या वाचनालयात किंवा कोणा आजोबांच्या कपाटात जी पहिली प्रत सापडेल तिच्यावर थिसिसचं प्रकरण उभारू नका.

आता उलट बाजू. मराठीत परदेशातली फजिती म्हटली की पहिलं नाव पुलंचं. 'अपूर्वाई' 1960 ची. ते बीबीसीत टेलिव्हिजनचं प्रशिक्षण घ्यायला इंग्लंडला गेले होते. हे पुस्तक मला प्रिय आहे आणि त्याच्यावर टीका करताना घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर पाय पसरून बसल्यासारखं वाटतं, पण बसतेच. निघण्याआधी सल्ले देणाऱ्यांची फौज, परक्या रीतिरिवाजांपुढे मध्यमवर्गीय मराठी माणसाची होणारी तारांबळ, स्वतःच्या अजागळपणावर केलेली थट्टा. त्यातली नजर इतकी प्रेमळ आहे की त्यानंतर साठ वर्षं आपल्याकडचा प्रत्येक प्रवासी त्याच सुरात लिहायचा प्रयत्न करतो. माझ्या मित्राचा 'लटकलोय' त्याच घराण्यातला.

पण त्या सुराला आधार कशाचा आहे ते बघा. जाण्याचं काम ठरलेलं. मुक्काम मोजका. परतीची वाट पक्की. बरोबर सुनीताबाई, म्हणजे फजिती झाली तर ती बघून हसणारं आपलं माणूस शेजारी. बिलं सगळी छोटी आणि जागच्या जागी चुकती होणारी. पुलंनी हे लपवलेलं नाही, त्यांचा दोष नाही. दोष आपला, की आपण सूर उचलतो आणि आधार विसरतो. पाच वर्षांच्या करारावर, शैक्षणिक कर्ज काढून, एकटा गेलेला मुलगा त्याच सुरात लिहायला लागला की त्याला अर्धं आयुष्य गाळावं लागतं. जे त्या सुरात बसत नाही ते ग्रुपवर येत नाही.

आणि म्हणून डेटा बिघडतो. तुम्ही विद्यार्थी म्हणून सीनियरांचे किस्से ऐकता तेव्हा तुमच्यापर्यंत फक्त चुकती झालेली बिलं पोचतात. शिवाय जे परत आले, टिकले, तेच सांगायला उरलेले असतात. जो दुसऱ्या वर्षी सोडून गुपचूप घरी आला आणि आता वडखळला भावाच्या दुकानात बसतो, त्याचे किस्से कोणी ऐकलेत? तो उत्तम गप्पिष्ट आहे बरं का, क्रिकेटवर तासभर बोलेल. तिकडच्या दोन वर्षांवर बोलत नाही.

याचा तोटा खरा होतो. पेणच्या माझ्या एका ज्युनियरला याच वर्षी जर्मनीतली जागा मिळाली. तिने मला विचारलं, "ताई, तिकडची परवान्याची वेळ हुकली तरी चालतं ना? तो दादा म्हणत होता, नंतर एक गमतीशीर कागद देतात." तिने किस्सा ऐकला होता, पूर्ण लक्षात ठेवला होता, आणि त्यातून नेमका उलटा निष्कर्ष काढला होता. तिची चूक नाही. तिला मिळालेल्या सॅम्पलमधून तोच निष्कर्ष निघतो. मग मी मित्राला फोन केला आणि म्हटलं, तूच तिला सगळं सांग, पगारासकट. त्याने सांगितलं. दीड तास बोलले दोघं. आता तिने हातात दोन महिन्यांचं भाडं वेगळं ठेवलंय आणि परवान्याच्या आदल्या दिवशी कुठेही प्रवास करायचा नाही असं ठरवलंय. लटकत्या रेल्वेचा फोटोही तिच्याकडे आहेच.

याचा अर्थ मित्राने विनोद करायला नको होता असं मी म्हणत नाही. त्या संध्याकाळी खोलीवर एकटा असताना तीस लोकांना हसवणं हेच त्याला जमण्यासारखं होतं आणि त्याने त्याला तगवलं असणार. आपल्याकडे मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चालू आहे. त्यावरच्या विनोदांवर पेण-वडखळच्या दोन पिढ्या पोसल्या आहेत. वडखळ नाक्याला अडकलेल्या एसटीत जेवढे उत्तम विनोद ऐकू येतात तेवढे नाट्यगृहात येत नाहीत. पण त्या एसटीतही नीट बघितलं तर विनोद करणारा बहुधा सुट्टीला चाललेला असतो. ज्याचा इंटरव्ह्यू हुकतोय तो खिडकीबाहेर बघत असतो. हे माझं निरीक्षण, डेटा नाही. कोणी मोजलं तर मला आवडेल.

मोजायचं कसं ते आता थोडं सांगते. नुसती हरकत घेऊन थांबलं तर ते परीक्षण कसलं.

दोन गुणिले दोनची रचना घ्या. प्रवासातल्या फजितीच्या छोट्या गोष्टी लिहायच्या, पाच-सहा ओळींच्या, मराठीत. प्रत्येक गोष्टीची चार रूपं. घटना मागच्या महिन्यातली किंवा पाच वर्षांपूर्वीची. नुकसान भरून निघालेलं किंवा अजून थकलेलं. एका माणसाला एकच रूप द्यायचं, नाहीतर तो आपला हेतू ओळखतो. मग विचारायचं, हे किती गमतीशीर वाटलं? मॅकग्रॉ बरोबर असतील तर मोठ्या नुकसानीच्या गोष्टी पाच वर्षांनी विनोदी वाटायला हव्यात, बिल थकलेलं असो वा नसो. मी बरोबर असेन तर वेळेचा परिणाम बिल धरल्यावर पुष्कळ कमी व्हायला हवा. दोन्हींचा थोडा-थोडा परिणाम दिसला, आणि बहुधा तसंच होईल, तर मग किती-किती ते बघायचं. मी पूर्ण चुकीची ठरणंही शक्य आहे आणि ते शक्य आहे म्हणूनच हा प्रयोग करण्यासारखा आहे.

सॅम्पल कोणाचं? अमेरिकेतल्या विद्यापीठांत सहज हाताशी येणाऱ्या लोकांवरून सगळ्या माणसांबद्दल बोलण्याच्या सवयीवर हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्येच चांगलं झोडपलंय. आपल्याला पेण-रोह्याच्या महाविद्यालयांतली मुलं घेता येतील, त्यांचे पालकही. पालक महत्त्वाचे, कारण बिल बहुधा त्यांच्याकडे जातं. एक अडचण दिसते. आपल्याकडे दुसऱ्याच्या कर्जावर हसणं वाईट समजतात, त्यामुळे हसू आलं तरी माणूस कागदावर शून्य लिहील. म्हणून दुसरा प्रश्न जोडायचा: ही गोष्ट तुमच्यावर घडली असती तर ग्रुपवर टाकली असती का? तो जास्त खरं बोलेल असं मला वाटतं. आणि माणसांना प्रश्न विचारायचे म्हणजे संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी, फॉर्म नंतर.

परवा पेणला घरी गेले होते तेव्हा पहिल्या गोष्टीचा मसुदा आईला वाचून दाखवला. पाच वर्षांपूर्वी एका मुलीची बॅग विमान कंपनीने हरवली, भरपाई मिळाली नाही, तिने परिषदेत दोन दिवस मैत्रिणीचा पंजाबी ड्रेस घालून पेपर वाचला. शून्य ते दहा, किती गमतीशीर? आईने पोह्याचे पापड डब्यात भरता भरता विचारलं, "बॅगेत काय होतं?" मी म्हटलं, ते दिलेलं नाही. "मग मी कसं सांगू? नुसते कपडे होते की सर्टिफिकेटं पण होती?" गोष्टीत एक ओळ वाढवली आहे. आता चारऐवजी आठ रूपं झाली.